संसदेतलं स्थळ

आमच्या अण्णांचा एक नियम होता. जावई बघायचा तर कामात बघायचा, बैठकीत नाही. "दावणीला बांधलेला बैल समदाच गरीब दिसतोय," ते म्हणायचे, "औताला जुपला की कळतंय." टोपी-टॉवेल घेऊन, पोह्यांची बशी हातात धरून बसलेल्या माणसावर माझ्या वडिलांचा काडीचा विश्वास नव्हता.

ताईच्या वेळी ते कुणाला न सांगता गेवराईच्या पुढं गेलते. दाजी औत हाकत होते. अण्णा बांधावर बाभळीखाली जाऊन उभे राहिले, वाटसरूसारखे. दाजींनी बघितलं, पण औत थांबवलं नाही. धरलेला तास त्या बांधापर्यंत पुरा केला, बैलं वळवली आणि मगच आले. आल्यावर आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "कुठले म्हणायचे पाव्हणे?" अण्णांनी घरी येऊन चप्पल काढायच्या आधी होकार सांगितला. जमीन किती आहे, हे आईनं विचारलं तेव्हा ते त्यांना सांगता येईना.

माझ्या वेळी मात्र पंचाईत झाली. मी आमच्या भावकीतली पहिली पदवीधर. एसटीनं माजलगावला जाऊन-येऊन बी. ए. केलं, राज्यशास्त्र घेऊन, आणि पदवीचा फोटो आईनं देव्हाऱ्याच्या वरच्या खिळ्याला लावला, ते मला आजही योग्यच वाटतं. गावातल्या शाळेत मी शिकवत होते. स्थळं येत होती आणि अण्णा ती कामात बघून कटाप करत होते. एक माजलगावचा दुकानदार होता. अण्णा गिऱ्हाईक होऊन गेले, त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता साबणाची वडी पुढं सरकवली. संपलं. त्या स्थळाचं नाव परत घरात निघालं नाही.

मग आमचा मामा एक स्थळ घेऊन आला. मामा म्हणजे आईचा भाऊ. त्याच्या मोटारसायकलच्या डिकीत चार-दोन बायोडाटे कायम असायचे. मुलगा सिरसाळ्याकडचा, शेतकऱ्याच्याच घरातला. लघुलेखन शिकला, परीक्षा दिली आणि दिल्लीला लागला. लोकसभेत जे काही बोललं जातं, ते बसल्या जागी शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं, हे त्याचं काम. अशा माणसाला तिथं प्रतिवेदक म्हणतात. मामानं मात्र पारावर एवढंच सांगितलं, "पोरगं संसदेत हाय." संध्याकाळपर्यंत गावात झालं की मला खासदाराचं स्थळ आलंय. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतले एक आजोबा अण्णांकडं स्मशानभूमीच्या रस्त्याचं काम घेऊन आले.

दिवाळीत बघण्याचा कार्यक्रम झाला. आमच्याकडं पाहुण्याला टोपी घालायची पद्धत आहे. याला घातलेली टोपी जरा मोठीच होती, भुवयांपर्यंत, चष्म्याला टेकलेली, पण यानं ती शेवटपर्यंत काढली नाही. "दोघांला बोलू द्या जरा," असं कुणीतरी म्हटलं, तसं आम्हाला मागच्या अंगणात पाठवलं. आत्या पायरीवर तांदूळ निवडत बसली. पाठ आमच्याकडं, आणि कान पण आमच्याकडंच. त्यानं विचारलं, शाळेत काय शिकवता. मी सांगायला लागले आणि तो गप्प राहिला, माझं सांगून संपेपर्यंत. बोलणाऱ्याचं वाक्य संपेस्तोवर गप्प बसणारा पुरुष मी तोवर फारसा बघितलेला नव्हता. मग मी म्हटलं, तुमच्या त्या लिपीत माझं नाव लिहून दाखवा. त्यानं काडी घेतली आणि सारवलेल्या अंगणात एक वेलांटीसारखं वळण काढलं, झालं नाव. त्यावरून लगेच एक कोंबडी गेली, आणि आम्ही दोघं हसलो.

मला तो आवडला होता. हे मी घरात कुणाला बोलले नाही. बोलून उपयोगही नव्हता, कारण पाहुणे गेल्यावर अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरगं चांगलं वाटतंय. पर बसलेलं बघितलं."

"अण्णा, आता दिल्लीला जाऊन बांधावर उभं राहणार का तुम्ही?" मी म्हटलं.

"बघितल्याबिगर मी हो म्हणत न्हाई."

"मग घरी बसून बघा. ते सगळं टीव्हीवर दाखवतात. रोज. सकाळी अकरापासून."

हे मी बोलून गेले खरं. पण एवढं राज्यशास्त्र शिकून मी स्वतः एक दिवसही ते कामकाज पूर्ण बघितलेलं नव्हतं. 'शून्य प्रहर' यावर टीप मात्र चांगली लिहिली होती.

हिवाळी अधिवेशन चालू झालं तसा अण्णांनी एक दिवस धरला. कापसाची वेचणी चालू होती, तरी ते शेतात गेले नाहीत. धुतलेलं धोतर नेसून टीव्हीसमोर सतरंजीवर बसले. मामा गेवराईहून भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला. आत्या सुपात तूर घेऊन बसली. आई आत-बाहेर करत होती. मी सुट्टी टाकली होती, रिमोट माझ्याकडं. शेजारचे काका दारातून डोकावले.

"काय पाटील, तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय की. पोरगं बघायलोय."

काकांनी टीव्हीकडं बघितलं. पडद्यावर एक पांढऱ्या केसांचे मंत्री खतांच्या साठ्याबद्दल उत्तर देत होते. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वय जास्त वाटतंय," आणि निघून गेले.

प्रश्नोत्तराचा तास चालला होता. कुणी विचारायचं, कुणी उत्तर द्यायचं. अण्णांना खतांच्या उत्तरात रस निर्माण झाला आणि क्षणभर ते कशाला बसलेत तेच विसरले. "ह्येला म्हणावं, आमच्याकडं कवा येणार ते सांग," असं ते दोनदा टीव्हीला म्हणाले. बारा वाजता कागदपत्रं सभागृहापुढं ठेवायचा कार्यक्रम आला. एक मंत्री उठायचे, आपण अमुक पटलावर ठेवतो म्हणायचे, बसायचे. लगेच दुसरे.

आत्या सूप खाली ठेवून बघायला लागली. "ह्यो उठला, ठेवतो म्हनला, बसला. त्यो उठला, ठेवतो म्हनला, बसला. आन ठेवलं कुठं? हातात तर काय न्हाई."

"आत्या, ते आधीच देऊन ठेवलेलं असतं. आता फक्त नाव घ्यायचं."

"मग लग्नातला आहेर म्हण की."

मामा शेंगा फोडता फोडता खोकेपर्यंत हसला. अण्णा नाही हसले. ते पुढं सरकून बसले होते. कॅमेऱ्यानं वरून सगळं सभागृह दाखवलं होतं आणि मधल्या मोठ्या टेबलाशी बसलेली माणसं दिसत होती, मान खाली घालून लिहिणारी.

"त्येच ना गं लिवणारे?"

"तेच."

"ह्येच्यातलं आपलं कोंचं?"

इथं घोटाळा झाला. वरून दिसत होते फक्त भांग. चेहरा एकाचाही दिसेना. आणि आमच्या माणसाचं डोकं कुणीच बघितलेलं नव्हतं! बैठकीत आम्हीच घातलेली टोपी त्याच्या डोक्यावर शेवटपर्यंत होती. केस दाट का विरळ, भांग इकडून का तिकडून, कुणाला काही सांगता येईना.

"मामा, स्थळ तू आणलंस. डोकं कसं हाय सांग," आत्या म्हणाली.

"म्या काय न्हावी हाय का?" मामा म्हणाला. पण सगळे त्याच्याकडंच बघायला लागले तसं त्यानं एका चष्मेवाल्याकडं बोट दाखवलं. "त्यो. चष्मा हाय बघा. त्योच."

अण्णा त्या चष्म्यावर नजर लावून बसले, बांधावर उभं राहून बघितल्यासारखे, अंग चोरून. माणूस भराभर लिहीत होता. एक बाई खासदार त्यांच्या भागातल्या पुलाबद्दल बोलत होत्या. अण्णांचा चेहरा जरा सैल झाला. मामानं मला डोळ्यानं खूण केली, की जमतंय. आणि तेवढ्यात तो माणूस उठला! बाईंचं वाक्य चालूच होतं. यानं वही मिटली आणि खाली मान घालून चालू लागला.

"आरं!" अण्णा म्हणाले. "उठला की!"

"पाण्याला गेला असंल," मामा घाईघाईनं म्हणाला.

"आत्ता तर बसलता. त्या बाई बोलायल्यात आन ह्यो उठतोय? तास अर्ध्यात सोडला त्यानं."

"दाजी, तसं न्हाई..." मामा अण्णांना समजवायला गेला.

"तसंच हाय. शेजारच्या खुर्चीवर दुसरं कोन बसलं तेवढ्यात. ह्येचं काम त्येच्या अंगावर टाकून गेला." अण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला. ते उठायची ही खूण होती. आणि एकदा उठले की ते परत बसायचे नाहीत, हे मला त्या दुकानदारापासून माहीत होतं.

मी बोलणार नव्हते. मुलीनं अशा वेळी बोलू नये, असं मला कुणी शिकवलं नव्हतं, पण घरातल्या हवेतच ते असतं. तरी बोलले.

"अण्णा, ते हे नव्हेत."

"तुला काय म्हायीत?"

"हा माणूस उजव्या हातानं लिहितोय. ते डावखुरे आहेत."

टीव्हीत बाईंचा पूल चालूच होता. आई चहाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"जेवताना तर उजव्या हातानं जेवला," मामा म्हणाला.

"लिहितात डाव्यानं."

"अगं माय!" आत्यानं सुपातली तूर दोन्ही हातांनी बाजूला केली. "म्या तिथंच तर बसलते की पायरीवर! एकदा वळून बघितलं, तर पोरगी खाली मान घालून बसलीय, म्या म्हनलं गुणाची हाय. आन ही हात बघत होती व्हय!"

"नाव लिहून दाखवत होते ते."

"आता तर नाव बी लिवून झालं!"

माझे कान तापले. अण्णांनी माझ्याकडं नीट बघितलं, बहुधा दिवसात पहिल्यांदाच. मग टॉवेल खांद्यावरून काढून परत मांडीवर ठेवला. "बरं," ते म्हणाले, "डाव्या हाताचा बघू."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पण जेवलो. आत्या भाकरी वाढताना मला विचारत होती, "कोन्त्या हातानं घालू?" मामाला हसायला तेवढंच पुरलं.

दुपारी विधेयकावर चर्चा होती. सभागृह अर्धं रिकामं. बोलणारे एकसुरी बोलत होते आणि मामा भिंतीला टेकून झोपला. मतदान आलं, तेव्हा पीठासनावरचे म्हणाले की बाजूनं असतील त्यांनी 'हां' म्हणावं, आणि आत्यानं इकडून खणखणीत "हां" म्हटलं. मामा दचकून जागा झाला. "काय ठरलं? ठरलं का?"

"आजून न्हाई. झोप," आत्या म्हणाली.

मग तो दिसला. कॅमेरा वर गेला तेव्हा टेबलाच्या कोपऱ्याला एकजण येऊन बसत होता. बसता बसताच त्याचा डावा हात चालू झाला होता. मला बोलावंच लागलं नाही. आत्याच म्हणाली, "त्यो बघ! डावरा!" केस दाट होते. मला उगीच बरं वाटलं.

थोड्याच वेळात गोंधळ सुरू झाला. कुणी काहीतरी लागणारं बोललं, दोन्हीकडचे उठले, चार-पाच जण एकदमच बोलायला लागले. पीठासनावरून "बैठिए, बैठिए" चाललं होतं. सगळ्यांच्या माना आवाजाकडं वळल्या. त्याची नाही. हात तसाच चालू. अण्णांनी गुडघ्यावर हात ठेवले.

"येवढे एकदम बोलायलेत, ह्यो कुनाचं लिवत असंल गं?"

"जेवढं ऐकू येतंय तेवढं सगळ्यांचं."

"आपल्या ग्रामसभेत असा एक पायजे," अण्णा म्हणाले. मला वाटलं, झालं आता. आणि नेमका तेव्हाच आमचा माणूसही उठला. गोंधळ चालू, बोलणारे उभे, आणि हा वही मिटून चालला.

अण्णांनी हात पुढं केला, रिमोट मागायला.

मी रिमोट पाठीमागं धरला. "नाही देणार. अण्णा, तुम्ही जाणाऱ्याला बघताय. येणाऱ्याला बघा."

"येणाऱ्याचं काय?"

"पुढची बदली होईपर्यंत बसा. मग काय म्हणायचं ते म्हणा. मी काही बोलणार नाही."

अण्णांशी असं मी आधी कधी बोलले नव्हते. मामा तर आता पूर्ण जागा झाला होता. कॅमेरा एवढ्यात वर जाईना. एका खासदाराचं तोंड आणि त्यांची घड्याळाची साखळी आम्ही इतका वेळ बघितली की आजही आठवते. शेवटी वरचं चित्र आलं. नवा माणूस आला, बसलेल्याच्या शेजारी टेकला, टेकताच लिहायला लागला. आधीचाही लिहीतच होता. काही क्षण दोघेही लिहीत राहिले. मग आधीच्यानं वही मिटली.

अण्णा पडद्याच्या इतके जवळ गेले की आत्याला काही दिसेना. "दोघं बी लिवायलेत," ते म्हणाले. "ह्येनं धरल्यावर त्येनं सोडलं." मग मागं वळून मामाला म्हणाले, "कॅनॉलच्या पाण्यावानीच की रं! रातीला वाफ्याची दारं धरायला दुसरा आला, त्येनं खोरं टेकवलं, की मगच पहिल्यानं निघायचं. मधी जागा मोकळी सोडली की पानी वाहून जातंय."

"तेच तर म्या सकाळधरनं सांगायलोय," मामा म्हणाला. त्यानं सकाळपासून यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

"पर मग उठून जातोय कुठं? चहाला?" अण्णांचं समाधान सहज होत नसे.

"ते त्यांनाच विचारा."

संध्याकाळी लोकसभा उठली, तसा मामानं फोन लावला आणि अण्णांच्या सांगण्यावरून तो मोठ्या आवाजावर ठेवला. सगळे भोवती.

"राम राम," अण्णा म्हणाले. "आज आमी तुमाला बघितलं."

पलीकडून आवाज आला, "कुठं?"

"कामावर. टीव्हीत. सकाळधरनं बसलोत."

"सकाळपासून? अण्णा, कामकाज दिवसभर तर आम्हीसुद्धा बघत नाही हो."

आत्या तोंडाला पदर लावून हसली. अण्णांनी मात्र सरळ विचारलं, "अर्ध्यात उठून कशाला गेलात?"

"आमच्या पाळ्या असतात. चार-पाच मिनिटं लिहायचं, मग आत जाऊन ते नीट उतरवायचं, तोवर परत पाळी येते. एकट्यानं दिवसभर लिहिलं तर हात राहील का?"

"आन ते समदे ओरडत होते तवा?"

"ऐकू आलं तेवढं लिहिलं. नाही आलं तिथं 'व्यवधान' असं लिहितात."

"म्हंजे गोंधळ?"

"गोंधळच."

"आन कुनी खोटं बोललं तर?"

"ते जसं बोलले तसं लिहायचं."

"आपल्या मनाचं काय घालायचं न्हाई?"

"नाही अण्णा. एक शब्द नाही."

आई पदरानं हात पुसत जवळ येऊन उभी राहिली. मग अण्णांनी घसा साफ केला आणि विचारलं, "ह्ये तुमचं अधिवेशन उठतंय कवा?"

मामानं मांडीवर थाप मारली. आमच्याकडं मुलीच्या बापानं तारखेचा विषय काढला, की पुढचं सांगावं लागत नाही.

पण पलीकडून तो म्हणाला, "तारखेचं बघू अण्णा. पण त्यांना विचारलं का तुम्ही?"

सगळे माझ्याकडं वळले. होकार मुलीनं आईला सांगायचा, आईनं मामाला, मामानं पलीकडं, अशी रीत. मी हात पुढं केला आणि अण्णांकडून फोन घेतला.

"मीच सांगते," मी म्हटलं. "माझा हो आहे. शिकवणं मात्र सोडणार नाही. तिकडं येऊन शाळा बघीन."

"बघू. दोघं मिळून बघू," तो म्हणाला. मग हळूच, "मी फार वेडावाकडा बसतो का हो?"

फोन मोठ्या आवाजावरच होता. आत्यानं उत्तर दिलं, "बरं बसताय की! केस बी दाट हायेत!"

"मंग मी कशाला हाय मधी?" मामा कुरकुरला. आईनं त्याच्या हातावर साखर ठेवली, तसा गप्प झाला.

चार दिवसांनी गुरुजी पंचांग घेऊन आले. त्यांनी काढलेला पहिला मुहूर्त फेब्रुवारीतला होता, आणि म्हणाले, याच्याइतका चांगला वर्षभरात नाही. अण्णांनी मान हलवली.

"न्हाई जमत. तवा बजेट असतंय."

"कुणाचं बजेट?"

"देशाचं."

गुरुजींनी चष्मा खाली केला. "देशाच्या बजेटचं आन तुमच्या घरच्या लग्नाचं काय?"

"आमचे जावई हायेत तिथं. त्यांची पाळी असती," अण्णा म्हणाले. "तुमी उन्हाळ्यातली तारीख काढा."

गुरुजी पानं उलटायला लागले आणि आई चहाला दूध आणायला उठली.